बसून घेतलेलं माप

नेरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, बी-बियाण्यांच्या दुकानावर आमची शिवणाची खोली होती. लग्न ठरलेली मुलगी तो लोखंडी जिना चढायची तेव्हा तिच्यासोबत निदान चार बायका असायच्या. अर्ध्या तासानं खिडकीतून खाली बघितलं की त्या चौघी नेरच्या बाजारात चार दिशांना फिरताना दिसायच्या, आणि मुलगी एकटी आत बसलेली असायची. हा सगळा आमच्या शिवणाऱ्या बाईंचा कारभार.

बाईंची रीत अशी की मावशी, मामी, काकू जी कोणी पहिल्यांदा तोंड उघडेल तिला दोरा आणायला पाठवायचं. रंग असा सांगायचा की तो जगात नसावा. वांगी रंग, पण त्यात चिमूटभर राख मिसळल्यासारखा. रामा हिरवा, पण कालच्या दुपारचा. बाजारातले दुकानदार हे ओळखून होते. दोऱ्याचा असा रंग विचारणारी बाई आली की ते तिला स्टूल द्यायचे, चहा सांगायचे आणि पुढच्या दुकानाचा पत्ता द्यायचे. एकदा एक मामी खरोखरच तसा दोरा घेऊन परतल्या. घामाघूम झाल्या होत्या, पण चेहऱ्यावर विजय होता. बाईंनी तो दोरा खिडकीशी नेऊन उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "जवळ आलात. पण हा नाई."

मामी पुन्हा गेल्या.

मी त्या खोलीत पिको-फॉलचं मशीन टाकून बसायची. अमरावतीहून फॅशन डिझायनिंगचा सहा महिन्यांचा कोर्स करून आले होते आणि मुलगा शाळेत जायला लागल्यावर रिकामी होते. खोली बाईंची होती. मी येताना सोबत एक रंगीत तक्ता आणला होता. बायकांच्या शरीराचे पाच आकार त्यात दाखवले होते, कोणी नासपतीसारखी, कोणी सफरचंदासारखी, कोणी वाळूच्या घड्याळासारखी, आणि प्रत्येकीखाली तिनं लग्नात काय घालावं ते लिहिलेलं. मी तो मोठ्या हौसेनं भिंतीवर लावला. बाई चष्मा कपाळावरून खाली ओढून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "ह्या पाचही जणी उभ्याच काहून हाये?"

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर भिंत रिकामी, आणि माझ्या तक्त्याच्या पाठीवर बाहीचा नमुना कापलेला.

पण प्रश्न खरा होता, हे मला पुढं कळलं. बाईंचं म्हणणं असं की नवरी आपल्या लग्नात उभी राहते फार तर अंतरपाटापुरती. बाकी वेळ ती पाटावर बसते, हार घालायला हात वर करते, निदान पन्नास लोकांच्या पाया पडायला वाकते आणि रिसेप्शनला तीन तास खुर्चीत बसून हसते. म्हणून त्या मुलीला आधी सतरंजीवर मांडी घालून बसवायच्या आणि बसल्या जागी पोटाचं आणि कमरेचं माप घ्यायच्या. मग हात वर, मग वाकणं. उभं माप शेवटी, तेही नाखुशीनं. सगळी मापं बोटांत लिहायच्या, इंचांत नाही. सासूनं वही चाळली तरी तिला काही कळू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

कोणाला काय शोभेल याबद्दल त्यांची मतं पक्की होती आणि ती त्या न विचारता सांगायच्या. बाहीची किनार दंडाच्या जाड भागावर संपू द्यायची नाही, एक तर त्याच्या वर नाहीतर पार कोपराशी. मान आखूड असेल तर बंद गळा नको. बुटक्या मुलीला रुंद काठाचा शालू नेसवला की अर्धी मुलगी काठातच संपते. काडीसारखीला जॉर्जेट नको, ती दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसते, तिला कडक बनारसी हवा. आणि पोट असेल तर वरून कंबरपट्टा कधीच बांधायचा नाही, कारण तो म्हणजे लोकांना घराचा पत्ता लिहून दिल्यासारखं. हे सगळं त्या मुलीच्या तोंडावर सांगायच्या, तरी मुली रागवायच्या नाहीत. माझ्या मते त्याचं कारण असं की बाई दोष सांगताना कापडाचा सांगायच्या, मुलीचा नाही.

त्यांचे वडील नेरच्या कोर्टात वकील होते. घरात दोन पिढ्या शिकलेल्या, नोकरीतल्या. मुलगी बी.ए. होऊन मशीनवर बसली तेव्हा नातेवाईकांना फार लागलं म्हणतात. बाईंनी लग्न केलं नाही. थंडी पडली की साडीवर वडिलांचा काळा कोट चढवायच्या, त्याच्या एका खिशात टेप, दुसऱ्यात शेंगदाणे. आणि कोर्टाची भाषा तर अंगातच मुरलेली. कपडा कधी मिळेल विचारलं की त्या तारीख द्यायच्या, आणि त्या तारखेला माणूस आला की पुढची तारीख द्यायच्या. एरवी आमच्यासारखंच मले-तुले बोलायच्या, पण राग आला की एकदम सरकारी मराठी. एका नवरदेवाच्या आईनं शिलाईत खोट काढली तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "सदर बाब कापड देतेवेळी माझ्या निदर्शनास आणून देण्यात आलेली नव्हती." ती बाई घाबरून उठूनच गेली.

आणखी एक गोष्ट. बाईंकडे एक चपटा डबा होता. तयार कपड्यांच्या आत शिवलेल्या त्या लहान पट्ट्या असतात ना, एस, एम, एल लिहिलेल्या, त्या उसवून बाई डब्यात जमवायच्या. कोणाचा गाऊन मोठा करून दिला की आत हळूच लहान मापाची पट्टी शिवून टाकायच्या. मी एकदा म्हटलं, बाई, ही फसवणूक आहे. त्या म्हणाल्या, पुराव्याची जुळवाजुळव आहे.

असं सगळं मजेत चाललेलं असताना एका माघात ती मुलगी आली.

नेरपासून आत, एका तांड्यावरची. बंजारा कुटुंब, वडील शेती करायचे. ती स्वतः आरोग्यसेविका होती. उपकेंद्रात लेकरांना लस टोचायची, गरोदर बायांची नोंद ठेवायची. उंच, रुंद खांद्यांची, भरल्या अंगाची मुलगी. सोबत तिची आई होती, तिला ती याडी म्हणायची, आणि आईच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत एक वाइन रंगाचा मखमली लेहंगा होता. सासरकडून आला होता. सासर यवतमाळचं, त्यांच्याच समाजातलं, पण शहरात स्थिरावलेलं. मुलगा बँकेत. लेहंगा नवऱ्याच्या धाकट्या बहिणीनं पसंत केला होता, आणि तो एस मापाचा होता.

चुकून नाही, मुद्दाम. लग्नाला दोन महिने आहेत, तोवर वहिनी त्यात बसेल, असा निरोप सोबत आला होता.

आईनं विचारलं, थोडा सैल होईल का. बाईंनी लेहंगा उलटा केला, शिवणी तपासल्या. आत बोटभरसुद्धा कापड सोडलेलं नव्हतं. आई म्हणाली, आमच्या वेळी फेटिया असायचा, तो आमचा घेरदार घागरा, नाडी सैल केली की झालं. मग ती मुलीशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली आणि गप्प झाली. तिला लेहंग्याची नाही, सोयरिकीची काळजी होती, हे बोली न कळताही कळत होतं.

बाईंनी मुलीला सतरंजीवर बसवलं. मग हात वर करायला सांगितले. मुलीनं हात वर केले आणि तशीच एका कुशीवर कलंडली.

मी पाणी आणलं. ती लगेच सावरली, उलट आम्हालाच सांगायला लागली की बीपी लो झालं असेल, घाबरू नका. बाईंनी विचारलं, सकाळपासून काय खाल्लं. आई म्हणाली, सगळं खाते. बाईंनी आईकडे बघितलं आणि तिला दोरा आणायला पाठवलं. जांभळाच्या सालीचा रंग, पण जांभूळ कच्चं.

"आता सांग," बाई म्हणाल्या.

अर्धी काकडी, मुलगी म्हणाली. काल रात्री? गरम पाणी. किती दिवसांपासून? दोन आठवडे. कोणी सांगितलं? कोणीच नाही, ती म्हणाली, आणि मोबाइल पुढं केला. नणंद रोज सकाळी त्या लेहंग्याचा एक फोटो पाठवायची. फोटोखाली फक्त लग्नाला उरलेल्या दिवसांचा आकडा. त्या दिवशीचा आकडा अठ्ठेचाळीस होता.

मला वाटलं बाई आता सरकारी मराठीत काहीतरी बोलतील. पण त्यांनी मोबाइल परत दिला, कोटाच्या खिशात हात घातला आणि मूठभर शेंगदाणे मुलीच्या हातावर ठेवले. ती खाईपर्यंत बाई तिच्या पाठीमागं उभं राहून तिचे खांदे बघत होत्या. मग मला म्हणाल्या, "एवढे सरळ खांदे मी लई वर्षांत पाह्यले नाई. आन हे लोक त्याईले झाकून राह्यले."

पुढचे अकरा दिवस बाईंनी दुसरं काम हातात धरलं नाही. लेहंग्यासोबत दोन ओढण्या आल्या होत्या, एक डोक्यावर घ्यायची जाळीची, दुसरी खांद्यावर टाकायची, त्याच मखमलीची. बाईंनी ती मखमली ओढणी कापली. लेहंग्याच्या सोळा कळ्या, म्हणजे घेराच्या उभ्या पट्ट्या, उसवल्या आणि मध्ये चार नव्या घातल्या. कशिदा जोडावर आला तिथं त्यांनी जरीचा दोरा हातानं भरला, तेच फूल, तोच पाकळ्यांचा कल. चोळी तर नव्यानंच केली. लांब, कमरेखाली टोकात उतरणारी, मधोमध कशिद्याची एक उभी पट्टी, गळा रुंद, खांदे मोकळे. घालून ती मुलगी आरशासमोर उभी राहिली तेव्हा मी माझं मशीन थांबवलं. ती बारीक दिसत नव्हती. ती मोठी दिसत होती, म्हणजे मोठ्या घरची दिसावी तशी. आईनं तोंडावर पदर धरला.

बाईंनी लेहंगा आतून उलटा करून दाखवला. कमरेच्या नेफ्यावर एस लिहिलेली पट्टी होती तिथंच होती. बाई म्हणाल्या, सासरी सांगायचं, बसला. एवढंच. खोटं काहीच नाही, बसला तर आहेच.

मुलीनं तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. पलीकडून नणंदेचा आनंदानं भरलेला आवाज आला, मी म्हटलं होतं ना वहिनी, ठरवलं की होते. बाई कॅमेऱ्याच्या बाहेर उभ्या राहून शेंगदाणे खात हसत होत्या. मुलगी हसली नाही. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं होतं, पण मीही हसतच होते.

लग्नाला दोन दिवस असताना ती एकटीच स्कूटीवर आली. लेहंगा डिक्कीत घालून आणला होता. म्हणाली, बाई, ती पट्टी काढून टाका.

"काहून?"

"मी लेकराईचं वजन करतो रोज. काट्यावर चार किलो असन आन वहीत पाच लिहिलं, तर डॉक्टर पाचचं औषध देते. मंग माह्यंच वजन कसं खोटं लिहू?"

बाईंनी तिच्याशी तासभर वाद घातला. मी त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. लग्नघरात खरं बोलायची ही वेळ नाही, सासर आहे, आयुष्य काढायचं आहे, पहिल्याच दिवशी नणंदेला तोंडावर पाडशील तर ती जन्मभर विसरणार नाही. मुलगी सगळं ऐकून घेत होती आणि प्रत्येक वेळी तेच म्हणत होती, नुसती पट्टी काढा, मी कोणाले काही सांगायला जाणार नाही, कोणी विचारलं तर मात्र सांगीन. शेवटी बाईंनी उसवायचं अर्धं ब्लेड उचललं. पट्टी उसवताना पुटपुटत होत्या की अशिलानंच कबुली द्यायचं ठरवलं तर वकिलानं काय करावं. पट्टी डब्यात टाकली.

बाई कोणाच्या लग्नाला जायच्या नाहीत. आपण शिवलेल्या कपड्यावर लोक वरण सांडतात ते बघवत नाही, म्हणायच्या. या लग्नाला मात्र मला घेऊन गेल्या. तांड्यावर मोकळ्या वावरात मांडव होता. लग्न लागलं, आणि बायकांच्या घोळक्यात नवरीला बसवलं तेव्हा ज्याची भीती होती तेच झालं. नणंद चार मैत्रिणींना घेऊन आली. स्वतः काडीसारखी, पाठीवर घट्ट चेन लावलेला सोनेरी गाऊन, श्वाससुद्धा मोजून घेत असावी असं वाटणारा. ती मैत्रिणींना सांगत होती की वहिनीनं दोन महिन्यांत दोन मापं उतरवली, बघा, एस आहे, आणि तिनं नवरीच्या कमरेशी हात घालून नेफा उलटा केला.

तिथं काही नव्हतं. तिनं दोन्ही बाजूंनी चाचपून बघितलं.

नवरी शांतपणे म्हणाली, "तो मोठा केला. चार कळ्या घातल्या. उपाशी राहून पाह्यलं, तरी माह्यं वजन हाये तेवढंच हाये." आणि हात करून आमच्याकडे बोट दाखवलं, "त्या बाईंनी केलं."

मला वाटलं मांडवातून पळून जावं. नवरदेव शेजारीच उभा होता. त्यानं बायकोला हळूच विचारलं, तू जेवत नव्हतीस का? तिनं मान डोलावली. त्यानं बहिणीकडे एकदा बघितलं, आणि स्वतः जेवणाच्या मंडपाकडे ताट आणायला गेला. राहिली सासू. चांगली भरभक्कम बाई होती. ती उठून नवरीजवळ आली, गुडघ्यावर बसली, लेहंग्याचा घेर दोन्ही हातांनी पसरून एकेक कळी बघत गेली. मग तिनं वर बघून बाईंना विचारलं, "कोणत्या चार घातल्या? मले तर दिसून नाई राह्यल्या."

बाईंनी जागेवरूनच सांगितलं, तिसरी, आठवी, तेरावी आणि अठरावी.

सासू म्हणाली, माह्या दोन पैठण्यांच्या चोळ्या हाये, पाच वर्षांपासून पेटीत पडून. आणू का?

बाईंनी तिला तिथंच तारीख दिली.

नवरदेव दोन ताटं घेऊन आला. मुलगी पोटभर जेवली, बुंदी दोनदा घेतली. नणंद मात्र मांडवाच्या कडेला पाठ करून उभी होती. परतीच्या रस्त्यात बाई खूश होत्या. म्हणाल्या, ही नणंद आता आपल्याकडे येईल भांडायला, येऊ दे, मी तयारी करून ठेवते. आणि खरंच करत होत्या. महिनाभर काम करता करता मधेच एखादं झणझणीत वाक्य म्हणून बघायच्या आणि मला विचारायच्या, हे कसं वाटते. त्यातली काही वाक्यं इतकी चांगली होती की मी ती घरी जाऊन नवऱ्यावर वापरली.

नणंद आली ती एका सकाळी, यवतमाळच्या बसनं. जिना चढून दारात उभी राहिली. हातात मोठी बॅग. बाईंनी चष्मा नाकावर ओढला. मी मनात म्हटलं, आता ऐका.

ती म्हणाली, बाई, माझे कपडे आणलेत. मोठे करून मिळतील का.

बॅगेत अकरा ड्रेस होते. बाईंनी एकेक उलटा केला, आणि सगळ्यांच्या आत तीच एसची पट्टी. मग तिला आत घेऊन माप घ्यायला कमरेचं कापड बाजूला केलं, आणि टेप हातातच राहिला. कमरेभोवती इलॅस्टिकचा काळसर वळ पडला होता, जुना, पूर्ण गोल. दंडांवर बाह्यांचे दोन.

महिनाभर घोकलेल्या वाक्यांतलं एकही बाईंच्या तोंडून निघालं नाही. त्यांनी विचारलं, "पोटभर कधीपासून नाई जेवली तू?"

ती जरा विचार करून म्हणाली, "दहावीपासून."

बाईंनी तिला सतरंजीवर बसायला सांगितलं, तिच्या हातात अर्धं ब्लेड दिलं आणि पहिला ड्रेस तिच्या मांडीवर टाकला. म्हणाल्या, तूच उसव, मी दाखवते. आम्ही तिघी शिवणी उसवत बसलो. खोलीत फक्त दोरे तुटण्याचा बारीक आवाज. पाच ड्रेस झाले तेव्हा दीड वाजला होता. बाईंनी आपला जेवणाचा डबा उघडला, ज्वारीच्या भाकरी, वांग्याचं भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. तिच्यापुढं ताटली सरकवली. ती नको म्हणाली नाही. पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते गालांवरून हनुवटीवर आलं तरी तिनं पुसलं नाही, खातच राहिली.

बाईंनी विचारलं, "लई तिखट झालं का?"

ती म्हणाली, "हो."

बाईंनी दुसरी भाकर मोडून तिच्या ताटलीत ठेवली आणि मला खिडकी लावून घ्यायला सांगितलं, खालच्या दुकानातली धूळ वर येते म्हणून.